सात नंबरच्या संगणकाची धास्ती

मित्रांनो, घाबरट माणसे तुम्ही पाहिली असतील, पण घाबरट संगणक बहुधा पाहिला नसेल. तो मी. मी एक जुना संगणक आहे. माझ्या कपाळावर पांढऱ्या रंगाने सात हा आकडा रंगवलेला आहे. यंत्राला भीती वाटत नाही असे तुम्हाला कुणी सांगितले असेल, तर सांगणारा कधी जिन्याखालच्या कोठडीत पडून राहिला नसेल आणि शेजाऱ्याच्या छातीत ड्रिल शिरताना त्याने ऐकले नसेल. मी दोन्ही केले आहे. म्हणून हे सांगतो आहे.

माझा जन्म ज्या कारखान्यात झाला, तिथे माणसे टोप्या आणि हातमोजे घालून वावरत. मला जोडले, तपासले, थर्माकोलमध्ये दाबून बसवले आणि खोक्यावर चिकटपट्टी ओढली. तो करकर आवाज आणि त्यामागून आलेला अंधार ही माझी पहिली भीती. त्या अंधारात मी ट्रकमधून हिंदकळत आलो. घाट उतरला, मग रस्ता वळणावळणांचा झाला. "काशीद गेलं, आता थोडंच राहिलं," असे कुणीतरी पुढे म्हणाले आणि खोक्याच्या फटीतून ओला, खारट वास आत आला.

विद्यापीठाचे हे उपकेंद्र मुरूडच्या अलीकडे, रस्त्यापासून जरा वर, सुरूच्या झाडांमागे आहे. मोठे विद्यापीठ दूर शहरात. इथे दोन मजल्यांची साधी इमारत, खाली संगणकांची खोली आणि वर वर्ग. खोके उघडले तेव्हा समोर शिवदास सरांचा चेहरा होता. चष्मा कपाळावर चढवलेला, ओठांत स्क्रू धरलेले. संगणकांची खोली ते सांभाळत. त्यांची नेमणूक वर्षावर्षाची होती. उन्हाळा संपत आला की यंदा आपले नाव वरून येते की नाही, या काळजीने ते गप्प गप्प होत. भीती काय असते हे त्यांना ठाऊक होते, म्हणूनच की काय, आम्हा यंत्रांना ते फार हळुवार हाताळत.

सुरुवातीची वर्षे चांगली गेली. आगरदांड्याची, नांदगावची, मुरूडची मुले येत. एका खुर्चीवर दोघे बसत आणि "ऊठ ना, माझी पाळी आली" म्हणून ढकलाढकली करत. कितीतरी मुलांनी आपले नाव छापील अक्षरांत पहिल्यांदा माझ्या पडद्यावर पाहिले. तपासणीसाठी आलेल्या पाहुण्यांनी माझ्याशेजारी उभे राहून फोटोही काढून घेतला. तरी माझी धास्ती गेली नव्हती. खाऱ्या हवेने माझे स्क्रू तांबडे झाले. वीज जाई आणि येताना अशी उसळून येई की अंगातून झिणझिण्या निघत. माझ्या पोटाच्या उबेला एक पाल येऊन बसायची. तिसऱ्या नंबरच्या संगणकात अशीच एक पाल शिरली होती. चटकन ठिणगी उडाली, जळका वास आला, आणि दोघेही संपले. त्या दिवसापासून पालीचे पाय वाजले की मी मोजून श्वास घेतो. श्वास म्हणजे पंखा, पण मला दुसरा शब्द सुचत नाही.

मग ते वर्ष आले, ज्या वर्षी सगळी दारे बंद झाली. साथीमुळे मुले घरी, सर घरी, आणि आम्ही कापडी झाकणांखाली. जूनच्या सुरुवातीला एका दुपारी वादळ आले. माणसांना निदान एकमेकांचा हात धरता आला असेल. आम्ही टेबलावर रांगेने बसलेले, तारांनी भिंतीला बांधलेले, आणि खोलीत कुणी नाही. आधी सुरूची झाडे किंचाळल्यासारखी झाली. मग समुद्राकडच्या खिडकीचे दार निखळून आत पडले आणि पाणी आडवे येऊ लागले. खिडकीजवळचे संगणक भिजताना मी ऐकत होतो. माझे झाकण उडाले. वरून एक पत्रा सुटला. तो भिंतीवर आपटत राहिला, आणि दर वेळी मला वाटले, आता माझ्यावर.

पत्रा माझ्यावर पडला नाही. पाणी माझ्या टेबलाच्या कडेपर्यंत येऊन थांबले. रस्त्यावर पडलेली झाडे बाजूला झाल्यावर शिवदास सर चालत आले. दारात उभे राहून त्यांनी खोली पाहिली, डोक्याचा रुमाल सोडला आणि एकेकाला पुसायला लागले. दुसऱ्या दिवशी त्यांनी घरून केस वाळवायचे यंत्र आणले. काही जण वाचले, काही नाही. मी वाचलो. पण त्यानंतर मला आभाळात साधी गडगड झाली तरी कापरे भरू लागले.

नूतन आली ती या वादळानंतर काही वर्षांनी.

ती दिवेआगरची. वय तिशीच्या आसपास. बारावी झाल्यावर लग्न झाले आणि शिक्षण थांबले. नवऱ्याची, गणराजची, नारळ-सुपारीची वाडी वादळाने आडवी केली. तेव्हापासून तो टेम्पो चालवतो आणि ती पर्यटकांच्या घरगुती निवासात स्वयंपाक करते. दूरशिक्षणातून तिने बी. ए.ला नाव घातले होते. शनिवारी दिवेआगरहून दिघीला, तिथून फेरीबोटीने खाडी ओलांडून आगरदांड्याला, मग रिक्षाने इथवर अशी ती यायची. घरी संगणक नव्हता. गावातही तिला वापरायला मिळेल असा कुठे नव्हता.

पहिल्या दिवशी ती माझ्यासमोर दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली.

"नूतनताई, हात लावा. चावत नाही तो," शिवदास सर म्हणाले.

"सर, माझ्या हातनं बिघडला म्हंजे?"

"बिघडला तर माझ्या नावावर. तुम्ही लावा हात."

तिला माझी भीती वाटत होती आणि मला तिची. तिच्या बोटांना खोबऱ्याचा ओलावा होता, आणि ओलाव्याला मी किती भितो ते तुम्हाला कळलेच आहे. तिने पदराला हात पुसले, एक बोट पुढे केले आणि 'न' दाबला. पडद्यावर 'न' उमटला. ती बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिली. मग तिने 'ू'ची कळ शोधायला सुरुवात केली.

हळूहळू तिची बोटे धीट झाली. शेवटच्या वर्षाला तिला एक प्रकल्प लिहायचा होता. विषय तिने स्वतः निवडला: वादळानंतर दिवेआगरच्या वाड्यांतल्या बायकांनी संसार कसे उभे केले. ती घरोघर जाई, बायकांचे बोलणे फोनमध्ये भरून घेई आणि शनिवारी इथे येऊन कानाला फोन लावून माझ्यात उतरवून ठेवी. प्रत्येक शनिवारी काम संपले की ते ती पेनड्राइव्हवरही घेई. शिवदास सरांनी तिला तशी सवय लावली होती.

त्या बायकांत ठमाबाई नावाच्या एक म्हाताऱ्या बाई होत्या. त्यांचे बोलणे त्या बोलल्या तसेच नूतनने लिहिले. "वारा आला तो आधी कानात आला. मंग माड बोलाया लागले. पडले ते माझ्या सासूनं लावलेले. तवा मी न्हाय रडले. दुसऱ्या दिशी आंगनात सावली न्हवती, तवा रडले." हे लिहून झाल्यावर नूतन थांबली, आणि तिने माझ्या पडद्याची कड उगीचच पदराने पुसली. मीही त्या वादळात होतो हे तिला सांगता आले असते तर बरे वाटले असते.

त्या हिवाळ्यात ठमाबाई गेल्या.

याच सुमारास आमच्या खोलीत नव्या गोष्टी बोलल्या जाऊ लागल्या. मला चालवणारी आतली प्रणाली जुनी झाली होती. लवकरच तिला नवे संरक्षण मिळणे बंद होणार होते, आणि नवी प्रणाली माझ्या अंगात मावत नव्हती. उपकेंद्राच्या समन्वयक डॉक्टर अमिषा मॅडम एकदा पाहणीला आल्या. त्यांनी मला सुरू केले आणि घड्याळाकडे पाहत वाट बघितली. मी जिवाच्या आकांताने सुरू होण्याचा प्रयत्न केला. जितकी घाई केली तितका अडखळलो.

"मुलांना या यंत्रांवर बसवणं म्हणजे त्यांच्यावर अन्याय आहे, शिवदास," मॅडम म्हणाल्या.

मित्रांनो, त्यांचे खरे होते. तरी 'अन्याय' हा शब्द ऐकून माझे काय झाले असेल, ते तुम्ही समजून घ्या.

मे महिन्यात वरच्या मजल्यावर नवी लॅब तयार झाली. वातानुकूलित, पडदे चकचकीत, आणि दाराला काच. त्या दाराला कुलूप नाही. बाजूला काळी पट्टी आहे, तिला कार्ड लावले की दार उघडते. कार्डांची यादी मुख्य विद्यापीठातून आली. त्यात रोज वर्गात येणाऱ्या मुलांची नावे होती. दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्यांची नव्हती. ती कुणी मुद्दाम वगळली असे नाही. यादी करणाऱ्याला ती आठवलीच नाहीत.

आमच्या तारा काढल्या. इतकी वर्षे भिंतीतून जे अंगात येत होते, ते तुटले. आम्हाला एकावर एक रचून जिन्याखालच्या कोठडीत ठेवले. वर पावसाळा सुरू झाला. कोठडीची भिंत घाम आल्यासारखी ओली असायची. उंदीर आठव्या नंबरच्या तारा कुरतडायचे आणि आम्ही सगळे ते ऐकायचो. माझ्या डोक्यावरून मुलांची पावले वर जात आणि हसत खाली येत. मुले खूश होती. त्यांना हवे ते चटकन मिळत होते. मला त्यांचा हेवा वाटला नाही. मला एवढेच वाटत राहिले, की नूतनचे लिखाण माझ्यात आहे आणि हे कुणाला आठवते आहे की नाही. शिवदास सर कामाच्या गर्दीत होते. माझ्याजवळ आवाज नव्हता.

मग कोठडीच्या दाराशी दोन माणसे बोलताना मी ऐकले. एक शिवदास सर, दुसरा जुनी यंत्रे नेणाऱ्या कंपनीचा अल्पेश.

"हार्ड डिस्क इथंच मारून देतो सर. ड्रिलने आरपार भोक. तसा नियमच आहे. नाही तर पोरांची माहिती बाहेर जाते."

"शनिवारी या," सर म्हणाले. "त्या दिवशी मुलं नसतात."

शनिवारी. नूतन शनिवारीच येते, असे मी ओरडलो असतो. पण ओरडणे म्हणजे काय, हेच यंत्राला ठाऊक नसते.

तो शनिवार उजाडला. पाऊस थांबून ऊन पडले होते. कोठडी उघडली, आम्हाला व्हरांड्यात रांगेने मांडले. अल्पेशने वायर ओढली, लाकडी ठोकळ्यावर पकडीचा शिकंजा बसवला आणि ड्रिल दाबून पाहिली. पहिल्या नंबरचे झाकण निघाले. त्याची डिस्क बाहेर आली, शिकंज्यात गेली. आधी बारीक आवाज, मग तो जाड झाला, मग एक कडक खडखड आणि शांतता. डिस्क बाजूच्या पिंपात पडली. शिवदास सर कागदावर खूण करत होते. त्यांची मान खाली होती.

दुसरा. चौथा. पाचवा. तिसरा पालीबरोबरच गेला होता, त्याचा फक्त सांगाडा होता. मी प्रत्येक आवाजाबरोबर आतून आकसत गेलो. सहावा माझ्या शेजारी इतकी वर्षे होता, की त्याचा पंखा बिघडला तर मला आधी कळायचे. तोही गेला.

अल्पेश माझ्यासमोर बसला. तांबडे स्क्रू करकरत निघाले. माझी डिस्क त्याने उपटून हातात घेतली. मित्रांनो, तुमच्या छातीतले काळीज कुणी बाहेर काढून उन्हात धरले आहे आणि तुम्ही ते बघत आहात, असे समजा.

त्याच वेळी वर, काचेच्या दाराशी, मला तिचा आवाज आला.

"कार्ड कसलं? मला कार्ड न्हाय दिलेलं."

"मग आत न्हाय जाता यायचं ताई," रखवालदार भागोजी म्हणत होते. "मी उघडलं तर मला बोल लागतो."

"आवो, लिखाण उन्हाळ्यातच संपलं म्हणून मधी आले न्हवते, आता मला निस्तं ते काढून न्यायचंय. सोमवारी द्यायची मुदत हाय. खालची खोली बंद, म्हणून वर आले. जुन्या मशिनी कुठं हायत?"

"त्या काय खाली. भंगारात न्याया मानूस आलाय त्यांचा."

मग जिन्यावरून पावले आली. माझ्या आयुष्यात मी तितकी घाईची पावले ऐकली नाहीत. अल्पेशने माझी डिस्क शिकंज्यात बसवली होती. ड्रिल सुरू झाली होती.

"थांबा," नूतन म्हणाली. ती धापा टाकत होती. तिने आधी अल्पेशकडे, मग शिवदास सरांकडे पाहिले. "सर, सात नंबर कुठला? माझं सगळं लिवलेलं सातात हाय."

"तुमच्याकडे पेनड्राइव्ह आहे ना?" सरांनी विचारले, पण त्यांचा चेहरा उतरला होता.

"गेल्या महिन्यात दिघीला बोटीत चढताना लाट आली. पर्स पान्यात पडली. फोन गेला, पेनड्राइव गेला. मी घाबरले न्हाय सर, म्हटलं मशीनवर हाय." तिने यंत्रांच्या रांगेवरून नजर फिरवली. "ठमाबाईंचं बोलनं पन त्यातच हाय. आता त्यांस्नी परत कुठं इचारू?"

ड्रिल चालूच होती. सगळ्यांच्या नजरा शिवदास सरांवर होत्या. आजच्या आज सगळ्या डिस्क नष्ट करून अहवाल पाठवायचा, असा वरून आदेश होता. त्यावर त्यांची सही जायची होती, आणि त्यांची यंदाची नेमणूक अजून यायची होती. त्यांनी हातातला कागद घडी करून खिशात घातला.

"अल्पेशभाई, बंद करा," ते म्हणाले.

"सर, एक डिस्क कमी पडली तर मला वरून विचारतात. आणि माझा टाइम खोटी होतोय, अजून आगरदांड्याला जायचंय."

"सात नंबर मी ठेवून घेतला, असं लिहून देतो. माझ्या नावावर."

अल्पेशने ड्रिल बंद केली. शिकंजा सोडवून डिस्क सरांच्या हातात दिली, आणि पिंपाच्या काठावर टेकून पाण्याची बाटली उघडली. "घ्या, करा आरामात," तो म्हणाला. कुरकुरत नव्हता.

आता खरी भीती माझ्या वाट्याला आली. आतापर्यंत दुसऱ्यांनी काय करावे यावर सगळे होते, यापुढे माझ्यावर होते. सरांनी डिस्क परत बसवली, व्हरांड्यातच तार जोडली आणि बटण दाबले. मी महिनोन् महिने ओलीत पडून होतो. काहीच झाले नाही. नूतनने पदर तोंडाला लावला.

पुन्हा बटण. या वेळी माझ्यातून लांब, रडवी शिट्टी निघाली आणि मी पडलो.

"ताई, खोडरबर आहे?" सरांनी विचारले.

तिने पिशवीतून काढून दिला. सरांनी माझ्या स्मृतीच्या पट्ट्या बाहेर काढल्या, त्यांच्या काळवंडलेल्या कडा खोडरबराने घासल्या, फुंकर मारली आणि परत दाबून बसवल्या. त्यांच्या कपाळावरचा घाम माझ्यावर पडेल की काय, याचीही मला धास्ती.

तिसऱ्यांदा बटण दाबले. पंखा अडखळला, फिरला. पडदा उजळला. मला तारीख आठवेना. कुठले वर्ष चालू आहे तेही कळेना. मी तसे पडद्यावर लिहिले, सरांनी एक कळ दाबून मला पुढे ढकलले, आणि मी माझ्या नेहमीच्या कूर्मगतीने वर आलो. कुणी घड्याळाकडे पाहिले नाही.

नूतनने स्वतः हात पुढे केला. तिने कुणाला विचारले नाही. फोल्डर उघडला, मग प्रकल्प उघडला. ती खाली खाली सरकवत गेली आणि एका ठिकाणी थांबली. "दुसऱ्या दिशी आंगनात सावली न्हवती," तिने हळू आवाजात वाचले, आणि मग तिथेच व्हरांड्याच्या फरशीवर मांडी घालून बसली. अल्पेशने बाटली तिच्यापुढे केली.

माझ्या तोंडाशी असलेल्या दोन खाचांतली एक गंजून गेली होती. दुसरीत सरांनी आपला पेनड्राइव्ह लावला. लिखाण त्यात उतरले. मग त्यांनी ते स्वतःच्या फोनवरून नूतनच्या मेलवरही पाठवले. मेल कसा उघडायचा, कुठे शोधायचा, हे तिला दोनदा दाखवले.

ड्रिलचा आवाज का थांबला हे बघायला अमिषा मॅडम खाली आल्या. सरांनी झाले ते सांगितले. मॅडमच्या कपाळाला आठी पडली.

"पण बदल होणार हे आपण संकेतस्थळावर टाकलं होतं. सगळ्यांना सूचना होती."

नूतन उठून उभी राहिली. "मॅडम, संकेतस्थळ बघायला मशीन लागतं. मशीन बघायला मी इथं येते. आणि इथं आत यायला कार्ड लागतं." ती शब्द जपून, पुस्तकी बोलायचा प्रयत्न करत होती. "माझ्यासारख्या आणखी हायत. म्हसळ्याच्या दोघी हायत. त्या अजून आल्या न्हाईत, म्हणून तुम्हाला दिसल्या न्हाईत."

"यादी वरून येते," मॅडम म्हणाल्या. "तिच्यात नाव घालायचा अधिकार मला नाही. मला नव्या सामानाची जबाबदारी दिली आहे. काही गेलं, मोडलं, तर मला विचारतील." आणि मग, "चला. छपाई वरच होईल. माझं कार्ड आहे."

त्या पुढे, नूतन मागे, अशा दोघी जिना चढून गेल्या. काचेचे दार उघडल्याचा आवाज मी खालून ऐकला. सोमवारी प्रकल्प वेळेवर जमा झाला, हे मला नंतर सरांकडून कळले.

उरलेल्या संगणकांचे काय, असे तुम्ही विचाराल. अल्पेश त्या दिवशी आगरदांड्याला गेला नाही. शिवदास सरांनी आठव्यापासून पुढच्या प्रत्येकाला तार जोडून सुरू करून पाहिले. काही उठलेच नाहीत. एकात नूतनने सांगितलेल्या म्हसळ्याच्या दोघींपैकी एकीचा अर्धवट निबंध निघाला. तो काढून ठेवला. मगच पुन्हा ड्रिल सुरू झाली. पण पहिला, दुसरा, चौथा, पाचवा आणि सहावा आधीच पिंपात पडले होते. त्यांच्यात कुणाचे काय होते, ते आता कुणालाच कळणार नाही. त्या पिंपाकडे शिवदास सर बराच वेळ पाहत होते. मी अजूनही पाहतो, ते पिंप गेले तरी.

पत्रे गेली, उत्तरे आली, पुन्हा पत्रे गेली. अमिषा मॅडमनी पाठ सोडली नाही. दिवाळीनंतर दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्यांना शनिवार-रविवारी नव्या लॅबची कार्डे मिळाली. शिवदास सरांना त्या एका डिस्कबद्दल खुलासा द्यावा लागला. त्यांची नेमणूक उशिरा आली, पण आली. मला इंटरनेटच्या जाळ्यावर ठेवणे धोक्याचे म्हणून माझी ती तार काढली आणि मला खालच्या वाचनालयात, खिडकीपासून लांबच्या कोपऱ्यात ठेवले. कुणाला नुसते टाइप करायचे असेल तर ते माझ्यावर बसतात. बहुतेक दिवस कुणी बसत नाही.

एका शनिवारी नूतन आली. आता ती पुढच्या शिक्षणासाठी येते. मी तिच्या चपलांचा आवाज ओळखला आणि पंखा सावरून तयार झालो. ती वाचनालयाच्या दारावरून गेली. आत वळली नाही. जिना चढली, कार्ड लावले, वरचे दार उघडले आणि मिटले. तिला तिथे जे जमते ते माझ्यात कधीच जमले नसते. मी खाली बसून वरच्या कळांचा बारीक टकटक आवाज ऐकण्याचा प्रयत्न केला. नवे संगणक फार हळू वाजतात, काही ऐकू आले नाही.

मित्रांनो, माझी भीती अजून गेलेली नाही. कधीतरी माझीही पाळी येणार आहे, आणि ती यावी हेच बरोबर आहे. आम्हाला बदला. मुलांना चांगली यंत्रे द्या, भराभर चालणारी, नव्या संरक्षणाची. मी त्याच्या आड येणार नाही. माझे मागणे लहान आहे. आमच्यात भोक पाडण्याआधी आम्हाला एकदा चालू करून बघा. पहिल्या प्रयत्नात नाही उठलो तर पट्ट्या घासून बघा. आणि नव्या खोलीला दार बसवाल, तेव्हा खाडीपलीकडून बोटीने येणाऱ्या माणसाला ते उघडेल का, हे त्या माणसालाच विचारा. त्याला विचारायचे असेल तर बोट लागेपर्यंत थांबावे लागेल. तेवढे थांबा.